टोयोटाचं मूळ सांगणारं नागोयाचं संग्रहालय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानला फिरायला येणारे आपले लोक टोकियो, क्योतो, ओसाका करतात आणि नागोया बुलेट ट्रेनच्या खिडकीतून बघतात. नागोयात उतरायला चांगलं कारण हवं असेल, तर टोयोटा उद्योग आणि तंत्रज्ञान स्मारक संग्रहालय हे माझ्या मते पहिलं कारण. त्याबद्दल ओळखीचे, नातेवाईक आणि त्यांचे ओळखीचे जे विचारत असतात, ते सगळं इथे एकत्र केलं आहे.

टोयोटाची संग्रहालयं दोन-तीन आहेत म्हणे. नक्की कोणतं?

इथेच बऱ्याच जणांची गल्लत होते, म्हणून आधी हेच. नागोया शहरात, निशी वॉर्डातल्या नोरिताके-शिनमाची भागात लाल विटांच्या जुन्या गिरणीत आहे ते हे संग्रहालय. ते ११ जून १९९४ रोजी सुरू झालं. टोयोटा मोटारचे संस्थापक किइचिरो टोयोदा यांच्या जन्माला त्या दिवशी शंभर वर्षं झाली होती.

दुसरं नागाकुतेला, टोयोटा ऑटोमोबाइल म्युझियम. ते १९८९चं. तिथे जगभरच्या कंपन्यांच्या जुन्या गाड्या एकापुढे एक मांडलेल्या आहेत. तिसरं टोयोटा काइकान, टोयोटा शहरात मुख्य कचेरीला लागून. तिथे आजच्या गाड्या आणि आजचं तंत्र दिसतं.

नुसत्या देखण्या जुन्या गाड्या बघायच्या असतील तर नागाकुतेला जा. ही कंपनी आली कुठून, हे कळून घ्यायचं असेल तर नागोयाला पर्याय नाही.

गाड्यांच्या कंपनीच्या संग्रहालयात इतकी जागा मागांना का दिली आहे?

कारण ही कंपनी मागातूनच जन्मली. सध्याचं संग्रहालय ज्या जागेवर आहे तिथे साकिची टोयोदा यांनी १९११ साली मागांचे प्रयोग करायला कापडाचा कारखाना काढला. पुढे तीच टोयोदा बोशोकू ही सूतकताई आणि विणकामाची कंपनी झाली. १९२६ साली कारियाला स्वयंचलित माग बनवणारी कंपनी निघाली, १९३३ साली त्याच कंपनीत मोटारींचा विभाग सुरू झाला आणि २८ ऑगस्ट १९३७ रोजी तो विभाग वेगळा होऊन टोयोटा मोटार कंपनी स्थापन झाली. तिची स्थापना सभा भरली ती याच आवारातल्या गिरणीच्या कचेरीत. ती इमारत आजही उभी आहे आणि आत जाऊन बघता येते.

म्हणून माझा आग्रह एकच असतो : कापडाचा विभाग गाळून थेट गाड्यांकडे पळू नका. तरुण मंडळी हमखास तसं करतात, आणि मग बाहेर येऊन म्हणतात, गाड्या तर थोड्याच होत्या. इथे बघण्यासारखं सगळ्यात मोठं काही असेल तर ती एका यंत्राकडून दुसऱ्या यंत्राकडे जाणारी वाट आहे.

साकिची टोयोदा म्हणजे कोण?

जन्म १८६७, आजच्या शिझुओका प्रांतातल्या कोसाई भागातल्या एका खेड्यात. वडील सुतार. साकिची त्यांच्या हाताखाली सुतारकाम शिकला, पण डोक्यात सतत माग. गावात घरोघरी बायका हातमागावर विणत असत, आईसुद्धा. ते कष्ट कमी कसे होतील, हा त्याचा ध्यास. १८८५ साली जपानमध्ये पेटंटचा कायदा आला होता, त्यामुळे शोध लावून पोट भरता येतं हेही त्याला कळलं होतं. १८९० साली टोकियोतल्या उएनोला उद्योगांचं मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा हा पोरगा तिथे दिवसचे दिवस यंत्रांसमोर उभा राहत असे.

१८९१ साली त्याला पहिलं पेटंट मिळालं ते लाकडी हातमागाचं. जुन्या मागावर आडवा धागा नेणारा धोटा एका हाताने फेकायचा, दुसऱ्या हाताने झेलायचा आणि मग फणी ओढून धागा ठोकायचा. साकिचीच्या मागावर फणी पुढे-मागे केली की धोटा आपोआप इकडून तिकडे जाई, एकाच हाताने काम भागे. पुढे वाफेवर चालणारा यंत्रमाग, मग गोल माग आणि १९२४ साली जी-प्रकारचा स्वयंचलित माग. १९३० साली ते वारले.

आत शिरल्यावर पहिलं काय दिसतं?

प्रवेशदालनात मधोमध एक अजस्र गोल माग उभा आहे. कल्पना १९०६ सालची. साध्या मागात धोटा डावीकडून उजवीकडे धावतो, थांबतो, परत येतो. या धावपळीत शक्ती वाया जाते आणि आवाज होतो. साकिची यांचं म्हणणं होतं की धोटा गोलच का फिरू नये? हा माग बाजारात चालला नाही. तरीही संग्रहालयाने त्यालाच दारात मानाची जागा दिली आहे, आणि ते मला फार योग्य वाटतं.

तिथून कापडाच्या विभागात जा. जुन्या गिरणीचीच ही शेड आहे, लाकडी खांब आणि विटांच्या भिंती तशाच ठेवल्या आहेत.

कापडाच्या विभागात काय चुकवू नये?

पहिली गोष्ट, सुरुवातीचं सूतकताईचं प्रात्यक्षिक. कर्मचारी कापसाचं बोंड हातात घेऊन सरकी वेगळी करतात आणि बोटांनी ओढून, पीळ देऊन धागा काढून दाखवतात. टकळी आणि पेळू ज्यांनी शाळेत हाताळले आहेत त्यांना हे अगदी घरचं वाटेल.

दुसरी, गाराबो. गाऊन तोकिमुने नावाच्या माणसाने १८७०च्या दशकात बनवलेलं हे अस्सल जपानी सूतयंत्र. पत्र्याच्या उभ्या डब्यांत कापूस ठासून भरलेला असतो, डबे गरगर फिरतात आणि वरून धागा ओढला जातो. धागा बारीक झाला की पीळ जास्त बसून तो घट्ट होतो आणि डब्याला वर उचलतो. डबा उचलला गेला की फिरणं थांबतं, धाग्यात कापूस भरला की डबा पुन्हा खाली बसतो. धाग्याची जाडी यंत्र स्वतःच सांभाळतं. लोक याच्यासमोरून चटकन पुढे जातात, तुम्ही थांबा.

तिसरी गोष्ट म्हणजे जी-प्रकारचा माग. त्यासाठी वेगळा प्रश्न हवाच.

जी-प्रकारच्या मागात एवढं काय आहे?

प्रात्यक्षिकाच्या वेळी मागाच्या अगदी जवळ उभे राहा. माग खडखडत चालू असतो आणि दाखवणारी व्यक्ती ताण्याचा एक उभा धागा कात्रीने कापते. क्षणात माग थांबतो. प्रत्येक उभ्या धाग्यावर पत्र्याची एक पातळ पट्टी टांगलेली असते. धागा तुटला की पट्टी खाली पडते, आतला खटका अडकतो आणि माग बंद होतो. ना वीज, ना संगणक, सगळं पट्ट्या, दांडे आणि खटके यांच्या जोरावर.

दुसरी करामत धोट्याची. धोट्यातल्या कांडीवरचं सूत संपत आलं की माग ते ओळखतो, बाजूच्या पेटीतला भरलेला धोटा आत सरकवतो, रिकामा बाहेर ढकलतो, आणि हे सगळं माग न थांबता, वेग कमी न करता. डोळ्यांची पापणी लवली तर दिसणार नाही, म्हणून पुन्हा दाखवायला सांगा; ते आनंदाने दाखवतात.

इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या माणसाला याचं मोल सांगावं लागत नाही. कांडी संपली की माग थांबवायचा, धोटा काढायचा, कांडी बदलायची, पुन्हा माग चालू करायचा, हे ज्याने आयुष्यभर केलं आहे त्याला ती एक सरकती पेटी बघून काय वाटतं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. धागा तुटलेला लक्षात आला नाही तर पुढचं सगळं कापड डागी निघतं, हेही त्याला ठाऊक असतं. घरात कुणी जॉबर किंवा मागवाले असतील तर त्यांना आवर्जून सोबत आणा.

चूक झाली की यंत्राने स्वतःच थांबावं, म्हणजे माणसाला यंत्रावर पहारा करत बसावं लागत नाही आणि एक कामगार कितीतरी माग सांभाळू शकतो. ताइइची ओनो हे टोयोटाच्या प्रसिद्ध उत्पादनपद्धतीचे शिल्पकार. ते १९३२ साली टोयोदांच्या याच कापड कंपनीत नोकरीला लागले आणि १९४३ साली मोटार कंपनीत आले. इंजिनाच्या कारखान्यात एका कामगाराकडे एकच यंत्र बघून त्यांना गिरणी आठवली नसती तरच नवल. चूक झाली की यंत्राने स्वतःच थांबायचं, या तत्त्वाला ‘जिदोका’ म्हणतात. व्यवस्थापनाच्या वर्गात तो शब्द फळ्यावर लिहून शिकवतात, पण तो इथे एका मिनिटात समजतो.

मागाचं पेटंट विकून आलेल्या पैशांत टोयोटा उभी राहिली, हे खरं का?

अर्धं खरं. १९२९ साली इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेण्याचा करार केला. करारासाठी साकिचींचे चिरंजीव किइचिरो स्वतः गेले होते. प्लॅट म्हणजे त्या काळी कापडयंत्रांच्या दुनियेतलं फार मोठं नाव. मुंबईच्या गिरणगावातही ठिकठिकाणी प्लॅटची यंत्रं होती. ज्या इंग्रजांची यंत्रं विकत घेऊन जपानने गिरण्या काढल्या, त्याच इंग्रजांनी जपानी मागाचे हक्क विकत घेतले. या कराराचं खरं वजन मला त्यात दिसतं.

मोटारींच्या पहिल्या प्रयोगांना या पैशाचं पाठबळ मिळालं असं सांगतात. पण मोटारीचा कारखाना उभारणं त्या रकमेत मावणारं काम नव्हतं. त्यासाठी माग बनवणाऱ्या कंपनीला आपलं भांडवल वाढवावं लागलं, म्हणजे मागाच्या धंद्याने आपली सगळी पत पणाला लावली. मला ही हकीकत पेटंटच्या गोष्टीपेक्षा जास्त मोठी वाटते.

मोटारींच्या विभागात कुठे जास्त वेळ द्यावा?

सुरुवातीलाच. पुढे क्राउन, कोरोला, प्रियस अशा ओळखीच्या गाड्या आहेत आणि त्या बघायला कुणाला सांगावं लागत नाही. पण सुरुवातीच्या भागात किइचिरोंची धडपड मांडली आहे ती बारकाईने बघा.

१९३३ साली त्यांनी एक शेव्हरोले गाडी विकत घेतली, ती पूर्ण खोलली आणि एकेक भाग मोजून त्याची चित्रं काढली. त्यावर बेतलेलं ए-प्रकारचं सहा सिलिंडरचं, ३३८९ सीसीचं इंजिन १९३४ साली तयार झालं. सगळ्यात छळलं ते सिलिंडर ब्लॉकच्या ओतकामाने. मागाचे भाग ओतणाऱ्यांना लोखंड नवं नव्हतं, पण ब्लॉकच्या आत पाण्याचे पोकळ मार्ग ठेवायचे म्हणजे वाळूचे नाजूक गाभे साच्यात बसवावे लागत. ते फुटत, हलत, आणि ओतलेले ब्लॉकच्या ब्लॉक भंगारात जात. गाडीला लागेल असं पोलादही बाजारात मिळेना, म्हणून पोलाद बनवण्याचं आणि तपासण्याचं कामसुद्धा स्वतःच अंगावर घेतलं. त्या काळातली साहित्य-परीक्षणाची लाकडी प्रयोगशाळा इथे पुन्हा उभी केली आहे. आमच्याकडचे अभियंते पाहुणे तिथून हलत नाहीत.

पत्रा हातोडीने ठोकून ए-१ आणि एए गाड्यांचं अंग कसं घडवलं, तेही पुतळ्यांसह दाखवलं आहे. मे १९३५मध्ये ए-१चे पहिले नमुने तयार झाले, नोव्हेंबरात जी-१ मालट्रक बाजारात आला आणि १९३६ साली एए ही पहिली प्रवासी गाडी.

याच विभागात ओतकाम, घडाई आणि कातकामाची प्रात्यक्षिकं होतात. तापून लाल झालेल्या तुकड्यातून कनेक्टिंग रॉड घडताना बघणं लहानांना आणि मोठ्यांना सारखंच आवडतं. सहाशे टनांचा प्रचंड प्रेसही आहे.

तिथली एए गाडी मूळची आहे का?

नाही, ती प्रतिकृती आहे. एए गाड्या १४०४ बनल्या, पण जपानमध्ये एकही टिकल्याचं माहीत नाही. एक मूळ गाडी २००८च्या सुमारास रशियाच्या अतिपूर्वेकडे, व्लादिवोस्तोकच्या बाजूला सापडली. शेतावर राबून राबून तिची रया गेली होती. ती आता नेदरलँड्समध्ये हेगच्या लाउमन संग्रहालयात आहे, आणि रंगरंगोटी न करता आहे तशी ठेवली आहे.

फलकांवर कुठे टोयोदा आणि कुठे टोयोटा लिहिलंय. चूक आहे का?

नाही. टोयोदा हे आडनाव. १९३६ साली गाडीच्या बोधचिन्हासाठी स्पर्धा घेतली तेव्हापासून गाडीचं नाव टोयोटा झालं.

किती वेळ लागतो?

किमान तीन तास ठेवा. यंत्रांची आवड असेल तर सकाळी साडेनऊला दारात हजर राहा आणि अर्धा दिवस मोकळा ठेवा. प्रात्यक्षिकांच्या वेळा आत शिरतानाच विचारून घ्या आणि फिरण्याचा क्रम त्याप्रमाणे लावा. बंद मागासमोर उभं राहून काही कळत नाही. तासाभरात उरकायचं असेल तर खरंच जाऊ नका, वाईट वाटेल.

वेळ, सुटी, तिकीट?

सकाळी ९.३० ते सायंकाळी ५, शेवटचा प्रवेश ४.३०. सोमवारी बंद, सोमवारी सरकारी सुटी असेल तर त्याऐवजी दुसऱ्या दिवशी बंद. वर्षअखेरीलाही बंद असतं. तिकिटाचे दर बदलत असतात, त्यामुळे निघण्याआधी संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर बघून घ्या. विद्यार्थ्यांना सवलत असते, ओळखपत्र जवळ असू द्या.

कसं पोचायचं?

टोकियोहून नोझोमी बुलेट ट्रेनने नागोया साधारण एक तास चाळीस मिनिटं, शिन-ओसाकाहून पाऊण तासाच्या थोडं वर. नागोया स्टेशनवरून मेइतेत्सु रेल्वेने एकच स्टेशन पुढे साको. तिथून तीन मिनिटं चालायचं. साकोला सगळ्या जलद गाड्या थांबत नाहीत, तेवढं गाडीत चढण्याआधी बघा. मेट्रोच्या हिगाशियामा मार्गावरचं कामेजिमा स्टेशन दहा मिनिटांवर आहे. पर्यटकांसाठीची मेगुरू बसही दारात सोडते. हवा चांगली असेल तर नागोया स्टेशनवरून वीस-पंचवीस मिनिटांत चालत जाता येतं, आणि वाटेत नोरिताके बाग लागते.

जपानी येत नाही. काही कळेल का?

हो. फलक जपानीसोबत इंग्रजीतही आहेत आणि यंत्रं चालू असल्यामुळे अर्धं काम डोळ्यांनीच होतं. प्रात्यक्षिक दाखवणाऱ्यांना खुणेने विचारलं तरी ते मनापासून सांगतात. सोबतच्या आजी-आजोबांना इंग्रजीही जमत नसेल तर घरातल्या कुणीतरी आदल्या रात्री साकिची आणि किइचिरोंची गोष्ट मराठीत सांगून ठेवा, दुसऱ्या दिवशी ते तुमच्याआधी पुढे चालतील.

लहान मुलं कंटाळतील का?

सहसा नाही. टेक्नोलँड नावाचा खेळत शिकायचा भाग खास मुलांसाठीच आहे. मात्र मागांच्या प्रात्यक्षिकाचा आवाज मोठा असतो. तान्हं बाळ असेल तर थोडं लांब उभे राहा.

वयस्कर मंडळींना झेपेल का?

झेपेल. चालणं मात्र खूप आहे. दोन विभागांच्या मधे चहाची सुटी घ्या, आणि गुडघ्यांचा त्रास असेल तर सुरुवातीलाच व्हीलचेअरची चौकशी करा.

शाकाहारी जेवणाचं काय?

आवारात उपाहारगृह आणि कॅफे आहे, पण शुद्ध शाकाहाऱ्याने त्यावर विसंबू नये. नागोयाचे प्रसिद्ध पदार्थ म्हणजे डुकराच्या मांसाचं मिसो-कात्सु, ईल माशाचं हित्सुमाबुशी आणि चपट्या किशिमेन शेवया. शेवया शाकाहारी दिसतात, पण त्यांचं पाणी सुक्या माशाचं असतं. हा माशाचा अर्क जपानी स्वयंपाकात जिथे-तिथे असतो. नागोया स्टेशनच्या परिसरात भारतीय हॉटेलं आहेत, तिथे आधी पोटभर जेवून निघणं सगळ्यात सोपं. दशम्या, ठेपले, चटणी सोबत असेल तर उत्तमच, फक्त प्रदर्शनाच्या दालनात डबा उघडू नका.

फोटो काढता येतात का?

स्वतःसाठी काढता येतात. मनाईची खूण असेल तिथे थांबा. मागाचा व्हिडिओ जरूर घ्या, नुसत्या फोटोत धोटा दिसत नाही.

आपल्याकडचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो बराच जुना आहे. जपानच्या गिरण्या वाढल्या त्या मोठ्या प्रमाणात हिंदुस्थानी कापसावर. १८९३ साली निप्पोन युसेन काइशा या जपानी जहाज कंपनीची कोबे ते मुंबई अशी बोटसेवा सुरू झाली ती मुख्यतः कापूस नेण्यासाठी, आणि ती सुरू व्हावी म्हणून जमशेटजी टाटांनी पुढाकार घेतला होता.

दुसरा धागा किर्लोस्करांचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगरापासून कारखानदारी उभी केली. त्याच घराण्याच्या उद्योगसमूहाने टोयोटा समूहाशी हातमिळवणी केली, ती आधी १९९५ साली बंगळुरूला कापडयंत्रं बनवण्यासाठी. मोटारीची टोयोटा किर्लोस्कर कंपनी आली १९९७ साली, आणि बिडदीच्या कारखान्यातून क्वालिस रस्त्यावर आली २०००मध्ये. म्हणजे भारतातही आधी सुताचं यंत्र आणि मग गाडी, हाच क्रम. जुलै २०२४मध्ये छत्रपती संभाजीनगरला नवा कारखाना काढण्यासाठी महाराष्ट्र सरकारशी सामंजस्य करारही झाला आहे.

त्याच दिवशी आणखी काय बघता येईल?

नोरिताके बाग जवळच आहे. १९०४ साली सुरू झालेल्या चिनीमातीच्या कारखान्याचं ते आवार, लाल विटांचंच. संध्याकाळ तिथे छान जाते. नागाकुतेचं गाड्यांचं संग्रहालय त्याच दिवशी ठेवू नका, त्याला स्वतंत्र दिवस हवा. मेट्रोने फुजिगाओका आणि तिथून लिनिमो रेल्वेने गेइदाइ-दोरी स्टेशन.

साकिचींचं गाव बघायचं असेल तर कोसाईला त्यांचं स्मारक आहे. हामामात्सु आणि तोयोहाशी यांच्यामधल्या वाशिझु स्टेशनवर उतरून टॅक्सी करायची. गर्दी फारशी नसते. नागोयाचं संग्रहालय आधी बघा, कोसाई नंतर.